झोजिलाची वाट आणि हिवाळ्याची मुदत

लडाखी बोलीत ‘ला’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी खिंड असा आहे. त्यामुळे ‘झोजिला खिंड’ असे म्हणणे हे ‘बोरघाट घाट’ म्हणण्यासारखेच द्विरुक्तीचे होय. परंतु ही द्विरुक्ती आता भूगोलाच्या पुस्तकांत आणि सरकारी कागदपत्रांत कायमची रुजली आहे. श्रीनगरहून सिंधू नव्हे, तर ‘सिंद’ नावाच्या एका निराळ्याच नदीच्या काठाने ईशान्येस निघाले म्हणजे पन्नास मैलांवर सोनमर्ग लागते आणि तेथून थोडे पुढे बालताल. बालतालपर्यंत देवदार, भूर्ज, कुरणे आणि खळाळते पाणी असा काश्मीरचा सर्व थाट प्रवाशाच्या सोबतीला असतो. तेथे मात्र दरी एकाएकी मिटते आणि समोर डोंगराची भिंत उभी राहते. ह्या भिंतीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११,५७५ फुटांवर, झोजिला आहे. पलीकडे झाड नाही, पाऊस जवळजवळ नाही. तेथून लडाख सुरू होते.

ह्या खिंडीची रचना मोठी चमत्कारिक आहे. सामान्यतः खिंड म्हटली म्हणजे एका अंगाने चढावे आणि दुसऱ्या अंगाने उतरावे अशी आपली कल्पना असते. झोजिलाला चढण आहे, पण म्हणण्यासारखी उतरण नाही. काश्मीरच्या बाजूने सुमारे दोन हजार फुटांचा उभा कडा, आणि माथ्यावर पोहोचताच समोर लांबट, जवळजवळ सपाट असे गुमरीचे खोरे पसरलेले. हे खोरे हलकेच द्रासकडे कलत जाते. दोन हजार फूट म्हणजे नेमके किती, हे मुंबई-पुण्याचा प्रवास केलेल्या वाचकास चटकन उमगेल. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली तेव्हा जवळजवळ तेवढीच उंची गाठण्यासाठी लोहमार्गाला पंधरा मैलांची वळणे घ्यावी लागली. झोजिलावर तीच उंची खेचरांची वाट चारपाच मैलांच्या आत चढत असे.

पण चढण ही खरी अडचण नव्हेच. लडाखच्या वाटेवर ह्याहून उंच खिंडी आहेत. कारगिलच्या पुढची फोतुला तेरा हजार फुटांच्याही वर आहे. तरी फोतुलाचे भय कोणास वाटत नाही, आणि झोजिलाचे नाव काढताच जुना खेचरवालाही आकाशाकडे पाही. ह्याचे कारण असे की, हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ढग हिमालयाच्या मुख्य धारेवर अडतात. झोजिला ही त्या धारेतील ठेंगणी जागा असल्यामुळे वारा आणि ढग दोघेही तेथूनच घुसतात आणि आपला भार तेथेच टाकून मोकळे होतात. पुढे फोतुलापर्यंत पोहोचतात ते रिकामे ढग. जी खिंड उंचीने कमी, तीच बर्फाने सर्वांत अधिक गाडली जावी, हा निसर्गाचा उलटा न्याय लडाखच्या इतिहासाला पदोपदी नडला आहे.

ह्या वाटेने माणसे मात्र फार पूर्वीपासून जात आली आहेत. काशगरच्या सुलतानाचा सेनानी मिर्झा हैदर दुघलात हा १५३३ च्या सुमारास ऐन हिवाळ्यात लडाखकडून सैन्य घेऊन काश्मिरात उतरला. १७१५ च्या मे महिन्यात इप्पोलितो देसिदेरी हा इटालियन धर्मोपदेशक काश्मीरहून तिबेटकडे जाताना ही खिंड पायी ओलांडून गेला. पश्मिना लोकर ह्याच वाटेने श्रीनगरच्या शालवाल्यांकडे येई. उन्हाळ्यात डोंगराच्या कडेने कोरलेल्या वाटेने जावे आणि हिवाळ्याच्या अखेरीस बर्फ घट्ट झाले म्हणजे घळीतूनच, नाला बुजवून टाकणाऱ्या बर्फावरून, चढावे असा तेथला शिरस्ता होता. ह्या दोहोंच्या मधला काळ सर्वांत वाईट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिले बर्फ पडते. ते दिवसा उन्हाने वितळते आणि रात्री वाटेवरच काचेसारखे गोठते. उन्हाळी वाट निसरडी होऊन बसते आणि हिवाळी वाट अजून तयार झालेली नसते. नेमक्या ह्याच काळात, १९४८ साली, झोजिलावरून चाकांची आणि साखळ्यांची वाहने नेण्याची पाळी भारतीय सैन्यावर आली.

त्या वर्षीच्या परिस्थितीकडे थोडे पाहिले पाहिजे. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर आक्रमण झाले आणि लढाईचा वणवा पुढे उत्तरेकडे पसरला. लडाखमध्ये सैन्य असे नव्हतेच. तेव्हा फेब्रुवारी १९४८ मध्ये मेजर पृथी चंद ह्यांनी सुमारे चाळीस डोग्रा स्वयंसेवकांची एक तुकडी घेऊन, भर हिवाळ्यात, झोजिला पायी ओलांडली. ही सर्व लाहूलकडची, बर्फात वाढलेली माणसे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती लेहला पोहोचली आणि त्यांनी तेथील तरुणांना शस्त्रे चालविण्यास शिकविले. तुकडीबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी इंजिनिअर होते. त्यांनी लेहच्या वाळूत एक धावपट्टी तयार करविली, आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेर सिंग ह्यांनी तेथे डकोटा विमान उतरविले. विमानात मेजर जनरल थिमय्या स्वतः होते. अकरा हजार फुटांच्या आसपासच्या त्या कच्च्या पट्टीवर त्यापूर्वी कोणतेही विमान उतरले नव्हते.

तथापि विमानाने गाव तगतो, प्रदेश तगत नाही. मे-जून महिन्यांत कारगिल आणि द्रास हातचे गेले. १४ ऑगस्टला, सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर, लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा ह्यांना स्कार्दू येथे शस्त्रे खाली ठेवावी लागली. झोजिलाही शत्रूच्या ताब्यात गेली होती. लेहमध्ये असलेली मूठभर शिबंदी, विमानाने उतरविलेले गुरखे आणि मनालीहून अवघड खिंडी तुडवीत पायी आलेल्या काही तुकड्या एवढ्यावरच सारे लडाख उभे होते. डिसेंबरात खिंड एकदा बर्फाने मिटली म्हणजे पुढे पाच-सहा महिने रस्त्याने काडीही जाणार नव्हती, आणि हिवाळ्यातील विमानांचा भरवसा कोणी देत नव्हते. म्हणजे नोव्हेंबर उलटण्यापूर्वी झोजिला उघडली तर लडाख राहणार होते. नाहीतर वसंतात तेथे काय शिल्लक सापडेल हे सांगणे कठीण होते.

सप्टेंबरात ब्रिगेडियर अटल ह्यांच्या सत्याहत्तराव्या पॅराशूट ब्रिगेडने खिंडीवर समोरून हल्ले केले. ते फसले. ह्यात शौर्याची उणीव नव्हती. घळीच्या दोन्ही अंगांच्या कड्यांत शत्रूने खडकाआड मोर्चे रचले होते. त्यांतील मशीनगनांचा मारा खालून चढणाऱ्यांवर थेट येई, आणि तोफांचे गोळे मात्र त्या कपारींना नुसते ओरखडे काढीत. पायदळाने कितीही वेळा चढावे, उत्तर तेच येणार होते. कपारीच्या तोंडाशी जाऊन आत गोळा टाकू शकेल असे काहीतरी वर नेणे भाग होते. तेव्हा थिमय्यांनी रणगाड्यांचा विचार पुढे मांडला आणि पश्चिम विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल करिअप्पा ह्यांनी त्यास संमती दिली. मोहिमेचे नाव ‘बायसन’, म्हणजे रानगवा, असे ठरले.

येथवरची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. रणगाड्यांचीच गोष्ट सांगावयाची तर ती चटकदार होते, आणि म्हणूनच तिच्यातील मुख्य पात्र बाजूला पडते. ते पात्र म्हणजे रस्ता. रणगाडा आणण्याचे ठरविणे सोपे. पण जी वाट दोन खेचरांनाही एकमेकांस वाट देताना अपुरी पडते, तिच्यावरून पंधरा टनांचे धूड कसे जाणार? स्टुअर्ट जातीचा रणगाडा हलका म्हणतात तो इतर रणगाड्यांच्या मानाने. डोंगरकडेच्या खेचरवाटेला ‘हलका’ शब्दाचा अर्थ निराळा असतो.

हे काम मद्रास सॅपर्स, म्हणजे लष्करी बांधकाम दलाच्या मद्रासी शाखेच्या दोन फील्ड कंपन्यांकडे आले. मेजर थंगराजू हे त्यांचे अधिकारी. समुद्रकाठच्या उष्ण प्रदेशात जन्मलेली ही माणसे बालतालच्या थंडीत घण, पहारी आणि सुरुंग घेऊन कड्याला भिडली. बाहेरची बाजू भर टाकून वाढवावी तर पहिल्याच बर्फाने ती खचणार. म्हणून आतला खडकच फोडून रुंदी मिळवावी लागे. वळणे ही सर्वांत बिकट. माणूस आणि खेचर जागच्या जागी फिरते. रणगाडा एका बाजूची साखळी रोखून दुसरीवर वळतो, आणि तसे करताना खालची जमीन नांगराने उकरावी तशी उकरतो. कच्च्या रस्त्याच्या कडेला असे एकच वळण पुरेसे असते. शिवाय हे सारे वरून शत्रू पाहत असताना. दिवसा गोळ्या येत, म्हणून जेथे आड मिळेल तेथे दिवसा आणि उघड्यावर रात्री, असे काम चाले. ऑक्टोबराच्या मध्यापर्यंत खेचरवाटेचा रस्ता झाला. मानसन्मानांच्या यादीत रस्ता करणाऱ्यांची नावे नेहमी खाली असतात. झोजिलाच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा असावयास हवा होता.

इकडे सातव्या कॅव्हलरीचे रणगाडे जम्मूच्या बाजूहून निघाले होते. त्यांचे अधिपती लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग. लहानखुऱ्या, चपळ अंगलटीमुळे सारे सैन्य त्यांना ‘स्पॅरो’, म्हणजे चिमणी, म्हणे. बनिहालचा बोगदा त्या काळी नव्हता. तो १९५६ साली झाला. त्यामुळे नऊ हजार फुटांवरचा बनिहाल घाटही माथ्यावरूनच ओलांडावयाचा होता. वाटेतील पूल एवढे वजन पेलणारे नव्हते. म्हणून रणगाड्यांचे फिरते बुरूज काढून वेगळे नेण्यात आले आणि धडे दोरखंडांनी हळूहळू ओढून पुलांपार करण्यात आली. प्रवास होता होईतो रात्रीचा, वर ताडपत्र्या. श्रीनगरमधून ताफा जाताना शहरात संचारबंदी. ह्या खबरदारीचा हेतू उघड आहे. समोरच्या कड्यांत बसलेल्यांजवळ रणगाडा फोडण्याचे साधन नव्हते, कारण तेथे रणगाडा येईल अशी शंकाच कोणाला आली नसती. ती शंका आली असती तर सारा खटाटोप वाया गेला असता.

बालतालला बुरूज पुन्हा चढविले गेले, आणि मग आड आले आकाश. ऑक्टोबराच्या उत्तरार्धात हल्ला व्हावयाचा होता. हवा बिघडली आणि तारीख पुढे ढकलावी लागली. नव्या रस्त्यावर बर्फ पडू लागले. नुकत्याच फोडलेल्या रस्त्याची माती अजून बसलेली नसते. तिच्यात बर्फाचे पाणी मुरते, रात्री ते गोठून फुगते आणि सकाळी भरावाला भेगा दिसतात. सॅपर्सनी एकीकडे बर्फ उपसावे आणि दुसरीकडे ढासळलेली कड पुन्हा बांधावी, असे चालले होते. वाहनांची स्थिती त्याहून कठीण. अशा थंडीत इंजिनातले पाणी गोठून ठोकळा होतो आणि लोखंडालाच चीर पाडतो. म्हणून रात्री एकतर पाणी काढून टाकावे, नाहीतर ठराविक वेळाने इंजिन फिरते ठेवावे, एवढेच उपाय हाती असतात. आणि दुसरा उपाय करावा तर त्याचा आवाज दरीभर घुमतो. पायदळाजवळ हिवाळी कपडे पुरेसे नव्हते. हिमदंशाने बोटे गमावलेले जवान रुग्णालयात जात होते, आणि तारीख पुन्हा पुढे गेली असती तर अशांची संख्या लढाईतील जखमींहून अधिक झाली असती.

अखेर १ नोव्हेंबर १९४८ चा दिवस उजाडला. बर्फ भुरभुरत होते. दुपार कलताना रणगाडे चढू लागले. पुढच्या रणगाड्यात थिमय्या स्वतः बसले होते. डिव्हिजनच्या सेनापतीने सर्वांत पुढच्या गाडीत बसावे हे युद्धशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही. पण ज्या रस्त्यावर गाडी टिकेल की नाही ह्याचीच शंका, तेथे वरिष्ठाने स्वतः बसून दाखविणे ह्यापरते दुसरे आश्वासन कोणते देता आले असते? वाहनचालकाच्या दृष्टीने चढणीचा प्रकार असा होता. चालकाला समोरच्या अरुंद फटीतून जेवढे दिसेल तेवढ्यावर भिस्त. एका बाजूस खडक, दुसऱ्या बाजूस घळ. पोलादी साखळीला बर्फावर पकड मिळत नाही; वेग वाढविला तर ती जागीच फिरते, आणि थांबले तर पुन्हा निघणे अवघड. म्हणून एकाच मंद गतीने, न थांबता, मागच्याने पुढच्याच्या चाकोरीतच चालवावे. एक गाडी कलंडली असती तर मागच्या साऱ्या तेथेच अडकल्या असत्या, कारण बाजूने काढावयास जागाच नव्हती.

एकही कलंडली नाही. माथा आला, घळ उघडली, आणि गुमरीच्या सपाटीवर रणगाडे पसरले. कपारींतल्या मोर्च्यांवर अगदी जवळून गोळे पडू लागले. मागून तोफखान्याचा मारा चालूच होता. जे मोर्चे दोन महिने पायदळाला दाद देत नव्हते, ते त्या एका दुपारी रिकामे झाले. पहिल्या पतियाळा पलटणीचे आणि इतर पलटणींचे जवान रणगाड्यांच्या मागोमाग पुढे सरकले आणि अंधार पडेपर्यंत खिंड हाती आली. इतक्या उंचीवर रणगाडे लढल्याचे उदाहरण तोवरच्या जगाच्या इतिहासात नव्हते.

खिंड घेतली म्हणजे काम संपले असे मात्र झाले नाही. पुढे मातायन, द्रास आणि कारगिल ही ठाणी एका पाठोपाठ एक घ्यावयाची होती, आणि प्रत्येक मैलागणिक थंडी वाढत होती. द्रास हे आजही भारतातील अत्यंत थंड वस्त्यांपैकी एक म्हणून ओळखले जाते. पाठीमागे झोजिलावर सॅपर्सचे काम थांबले नव्हते. पुढे गेलेल्या ब्रिगेडला धान्य, दारूगोळा, तेल, सारे ह्याच एका वाटेने जावयाचे होते. मार्ग दररोज नव्याने साफ करावा लागे. रस्ता एकदा केला म्हणजे झाला, हा मैदानातला समज आहे. नोव्हेंबरच्या मध्यास द्रास परत मिळाले. २४ नोव्हेंबरला श्रीनगरकडून गेलेली ब्रिगेड आणि लेहकडून निघालेल्या तुकड्या यांची कारगिल येथे गाठ पडली. लडाखचा जमिनीवरचा संबंध पुन्हा जुळला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हिवाळ्याने आपले दार लावून घेतले, आणि १ जानेवारी १९४९ रोजी युद्धबंदी झाली तेव्हा झोजिलावर माणसाच्या उंचीहून कितीतरी अधिक बर्फ साठले होते. राजिंदर सिंग ह्यांना महावीरचक्र मिळाले. १९६५ च्या युद्धात, पहिल्या चिलखती डिव्हिजनचे सेनापती असताना, ते त्यांना दुसऱ्यांदा देण्यात आले.

त्या घाईच्या रस्त्याला पक्के रूप येण्यास आणखी बरीच वर्षे लागली. सीमावर्ती रस्ते संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली, आणि १९६२ साली श्रीनगरहून लेहपर्यंत मोटार जाऊ लागली. तेव्हापासून झोजिलावर मालमोटार चालविणाऱ्यांची एक निराळीच जात निर्माण झाली. त्यांचे नियम कोणी लिहून ठेवले नाहीत, पण १९४८ च्या चालकांना जे एका दुपारी शिकावे लागले तेच ते आहेत. हिवाळ्याच्या तोंडाशी भल्या सकाळी निघावे, कारण तेव्हा चिखल गोठून टणक असतो आणि वरचे बर्फ उन्हाने सुटून हिमलोट खाली यावयास अवकाश असतो. चाकांना लोखंडी साखळ्या बांधाव्यात. उतारावर गती यंत्राने आवरावी, ब्रेकला पाय लावू नये. गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक लावला की चाक थांबते, गाडी थांबत नाही. ताफा एका वेळी एकाच दिशेने सोडला जाई. वरून येणाऱ्यांनी वरच थांबावे, खालून येणाऱ्यांनी खाली. चढताना अर्ध्या वाटेवर समोरून गाडी येणे हा प्रकारच तेथे परवडणारा नव्हता.

अनेक वर्षे ही खिंड डिसेंबरात मिटे आणि एप्रिल-मेच्या सुमारास उघडे. कारगिल-द्रासच्या माणसाला त्या पाच-सहा महिन्यांचे पीठ, रॉकेल आणि औषध ऑक्टोबरातच घरात भरून ठेवावे लागे. त्यातून कोणी जिवावर बेतण्याइतके आजारी पडले तर विमान किंवा दैव. हिवाळ्यात अशी उंच ठाणी ओस ठेवण्याच्या प्रघाताचा गैरफायदा घेऊनच १९९९ साली द्रास-कारगिलच्या शिखरांवर घुसखोरी झाली. ह्याच रस्त्यावर वरून तोफांचे गोळे पडू लागले तेव्हा, १९४८ मध्ये इतका आटापिटा कशासाठी झाला होता, हे नव्या पिढीला कळले.

त्यानंतर बर्फ हटविण्याची यंत्रे सुधारली आणि बंदीचा काळ आक्रसत गेला. २०२५ साली ही खिंड अवघ्या बत्तीस दिवसांच्या खंडानंतर १ एप्रिलला पुन्हा उघडली. त्याच वर्षी १३ जानेवारीस सोनमर्गच्या अलीकडचा सुमारे साडेसहा किलोमीटरांचा बोगदा वाहतुकीस खुला झाला. खुद्द झोजिलाच्या पोटातून जाणाऱ्या, सुमारे तेरा किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे काम ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. त्याचे एक तोंड बालतालला आहे. मद्रास सॅपर्सनी १९४८ च्या शरदात पहिला सुरुंग लावला तोही त्याच बाजूला, त्याच कड्यात.